ह्यांना सांगा

मी लघवी उकळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना किळस यायची असेल त्यांनी पान उलटून पुढची पाककृती वाचावी. सिल्वासातल्या आमच्या इमारतीत माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, मेथीच्या कुंडीशेजारी, काचेच्या नळ्या उभ्या असतात आणि आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ही शांतता मला कुणी हळदीकुंकवाला वाण म्हणून दिलेली नाही. ती मी भांडून घेतली आहे. कुणाकुणाशी भांडले ते लिहिते. नावं बदलायला शेजारच्या विजयाताईंनी सुचवलं होतं. मी नाही बदलत.

सुरुवात डॉक्टर खरवंडीकरांनी केली.

आमचे हे, म्हणजे श्रीकांत, राखोलीला सुताच्या कंपनीत सुपरवायझर. कंपनीतल्या लोकांनी आजारी पडायचं ते खरवंडीकरांकडेच, असा नियम होता. डॉक्टर पुण्याचे, हुशार, स्वच्छ, हात साबणाने धुणारे. त्यांच्या खोलीत टेबल, टेबलासमोर एक खुर्ची आणि भिंतीला टेकून एक बाक. नव्वद साली मला मधुमेह निघाला तेव्हा खुर्ची ह्यांना मिळाली आणि बाक मला.

"श्रीकांतराव," डॉक्टर म्हणाले, "ह्यांना सांगा, भात बंद."

ह्यांनी मान वळवली. "भात बंद," मला म्हणाले.

"साखर बंद. बटाटा बंद. सकाळी एक गोळी. सांगा ह्यांना."

"साखर बंद, बटाटा बंद, सकाळी एक गोळी."

म्हणजे डॉक्टर मराठीत बोलणार, मी मराठीतच ऐकणार, आणि मधे बसून हे मराठीचं मराठीत भाषांतर करणार. माझं शिक्षण नववीपर्यंत, पुढचं जे काही आहे ते वाचनालयातून आणि रद्दीच्या दुकानातून उचललेलं. पण "भात बंद" कळायला तेवढं पुरत होतं.

दर महिन्याला मी सकाळची लघवी बाटलीतून न्यायची, कंपाउंडर आतल्या खोलीत ती तपासणार आणि चिठ्ठीवर रंग लिहिणार. रंग नारिंगी. म्हणजे साखर आहे. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. त्यानंतर माझे अकरा वाजू लागले. सकाळचे अकरा. घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढे काळं यायचं आणि पोटात अशी आग पडायची की समोर दगड असता तरी मीठ लावून खाल्ला असता. एकदा भाजीबाजारात पडले, ते टोमॅटोवर. भाजीवालीने आधी टोमॅटोची विचारपूस केली, मग माझी. मग कुणीतरी उसाचा रस पाजला आणि मी गिरणीतून आलेल्या पिठासारखी गरम, ताजी उठून बसले.

हे मी बाकावरून डॉक्टरांना सांगितलं. सगळं, रसासकट. डॉक्टरांना नुसता रस ऐकू आला.

"श्रीकांतराव, चोरून गोड खातात का ह्या, लक्ष ठेवा. साखर वाढली की अशक्तपणा यायचाच. पुढच्या महिन्यात नारिंगीच निघालं तर आणखी एक गोळी वाढवू."

परत येताना स्कूटरवर ह्यांनी मान न वळवता विचारलं, "खातेस का गं?"

मी किलवणी नाक्यावर उतरले आणि घरी चालत आले. आयुष्यात माझ्यावर खूप आरोप झाले आहेत, तोंडाळ, हेकट, पुस्तकं वाचून बिघडलेली. ते सगळे खरे आहेत. पण चोरून खाल्लं हा आरोप मी ऐकून घेणार नव्हते, आणि तिसऱ्या गोळीची तर मला धडकीच भरली होती. दोन गोळ्यांनी टोमॅटोवर पाडलं. तिसरीने वापी रोडवर ट्रकपुढे पाडलं असतं, आणि ट्रकवाल्याकडे उसाचा रस नसतो.

त्याच आठवड्यात कंपनीने मधुमेह शिक्षण शिबिर भरवलं. कॅन्टीनमध्ये, पुरुष पुढे, बायका मागे. डॉक्टरांनी भिंतीवर चित्रं दाखवली. त्यात एका चित्रात ओळीने काचेच्या नळ्या होत्या, पहिली निळी, मग हिरवी, पिवळी, नारिंगी आणि शेवटची विटेच्या रंगाची. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं, साखर नसेल तर निळंच राहतं, असेल तर रंग चढत जातो. मी पापड तळताना रंग बघते, चकलीचा बघते, पाकाचा बघते. मला ते चित्र एका नजरेत कळलं. मी उभी राहिले.

"हे घरी करता येईल का?"

"ताई, हे तुमच्यासाठी नाही. हे फक्त माहितीसाठी आहे."

"माहिती कुणासाठी आहे?"

पुढच्या रांगेत श्रीकांतची मान हळूहळू खांद्यात गेली. डॉक्टर हसले आणि म्हणाले की मधुमेहात रुग्णाचं सहकार्य फार महत्त्वाचं असतं. सहकार्य म्हणजे खाली बसा, हे मला तिथे कळलं. मग सगळ्या मधुमेहींना साखरेचा चहा आणि जिलेबी देण्यात आली.

माझ्या शेजारी तानूबाई बसली होती. नंदुरबारकडची, कंपनीच्या पॅकिंगमध्ये काम करणारी, तीही खरवंडीकरांची रुग्ण. तिने जिलेबी पदरात बांधली आणि म्हणाली, "माय, तुना धनी तुले सांगस तरी. मना झिपरूले डाक्टर सांगस, नि झिपरू इसरी जास. माले आजलोंग समजनं नही, गोळी सकायले खावानी का रातले."

"मग कधी खातेस?"

"याद येस तव्हय."

असा माझा प्रकल्प सुरू झाला. प्रकल्प म्हणजे, आपली साखर आपण बघायची. एवढंच. चंद्रावर जायचं नव्हतं.

केमिस्टकडे निळं औषध होतं. तो म्हणाला, डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. मी म्हटलं, पिणार नाहीये. तो म्हणाला, म्हणूनच, प्यायच्या औषधाला कुणी चिठ्ठी विचारत नाही. शेवटी त्याच्या बायकोची साखर फुकट बघून द्यायच्या बोलीवर बाटली मिळाली. दिव्यासाठी स्पिरिट मागितलं तर मात्र तो कानावर हात ठेवून आत गेला. स्पिरिटला परवाना. आता आमचं गाव कसं आहे ते बाहेरच्यांसाठी सांगते. सीमेपलीकडे गुजरातेत दारूबंदी, आणि अलीकडे आम्ही. त्यामुळे संध्याकाळी पलीकडची माणसं तहानेने येतात आणि आमच्याकडे दर दोन दुकानांमागे एक बार आहे. त्या गावात माणसाने पिंपभर प्यायली तरी चालते, पण बाईला दिव्यात घालायला चमचाभर स्पिरिट हवं असेल तर अर्ज करा. मी अर्ज केला नाही. रॉकेलची चिमणी पेटवली.

नळ्या ह्यांनी कंपनीच्या सूत रंगवायच्या खात्यातून आणल्या, तडा गेला म्हणून टाकून दिलेल्यांतल्या बऱ्या. आणताना त्यांचा चेहरा बँक लुटून आल्यासारखा होता. नळी धरायला कपड्यांचा लाकडी चिमटा. आणि पहिल्याच उकळीला विजयाताई आल्या.

विजयाताई मला रोज एक उपाय देत. कारल्याचा रस देऊन झाला होता, जांभळाच्या बियांची पूड झाली होती, त्या दिवशी विजयसाराच्या लाकडाचा पेला घेऊन आल्या होत्या. त्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी प्यायचं. "आमच्या नणंदेच्या जावेची साखर ह्याने पळाली," त्या म्हणाल्या.

"जाऊ कशी आहे आता?"

"ती गेली. पण साखरेने नाही गेली."

एवढ्यात नळी उसळली. नळी उकळताना तिचं तोंड कुणाकडे असू नये हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण ते चित्रात नव्हतं. सगळा ऐवज विजयाताईंच्या कांजीवरमवर गेला. "काय गं हे?" त्यांनी विचारलं. मी खरं बोलते हा माझा जुना दोष आहे. मी सांगितलं.

रविवारी सोसायटीची सभा भरली. विषय, रहिवासी इमारतीत रासायनिक उद्योग. सेक्रेटरींनी वातावरण बिघडतं असं सांगितलं. खालच्या मजल्यावर गॅरेजात बार चालतो, तिथले गिऱ्हाईक जिन्यात झोपतात, त्याने वातावरण बिघडत नाही. माझ्या नळीने बिघडतं. कुणी म्हणालं स्फोट होईल, कुणी म्हणालं देवघराच्या इतक्या जवळ बरं नाही. एक गृहस्थ म्हणाले की ही मोहाची गाळते आणि नाव साखरेचं सांगते. शेवटी ठराव झाला की प्रमिलाबाईंनी आपल्या साखरेचं काय ते करावं, पण उकळू नये.

"मग तुमच्या घरी येऊन उकळू का?" मी सेक्रेटरींना विचारलं. ठराव मागे घेण्यात आला. विजयाताईंची साडी मी धुऊन, इस्त्री करून दिली. ती त्यांनी पुन्हा नेसली नाही, मोलकरणीला दिली, आणि वर मला म्हणाल्या, "दानाचं पुण्य तुझ्या नावावर."

त्यानंतर मी रोज बघत गेले. सकाळी उठल्या उठल्या नारिंगी, कधी विटेसारखा. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. पण अकरा वाजता, हात थरथरायला लागले की नळीत निळा. दौतीतल्या शाईसारखा निळा. साखरेचा पत्ता नाही. म्हणजे गोळ्या सकाळी माझी सगळी साखर एका दमात झाडून काढत होत्या आणि रात्री पुन्हा कचरा साचत होता. कंपाउंडर बघायचा फक्त सकाळचा कचरा. हे कळायला वैद्यकी लागत नाही. घर झाडणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल.

हे मी बाकावरून सांगितलं. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं.

"श्रीकांतराव, घरी चिमणीवर उकळलेल्या लघवीवरून मी औषध बदलत नसतो. ह्यांना सांगा, वेगवेगळ्या वेळचे नमुने वापीच्या लॅबमध्ये द्या, रिपोर्ट आणा. नाहीतर पुढच्या वेळेला तिसरी गोळी."

"वेगवेगळ्या वेळचे नमुने," हे मला म्हणाले, "वापीला."

"ऐकलं," मी म्हटलं.

आता नमुन्यांना बाटल्या हव्यात. स्वच्छ, झाकणाच्या, सारख्या. चिंधा भंगारवाल्याला सांगितलं तर त्याने गोणी ओतली. सगळ्या दारूच्या क्वार्टर. आमच्या गावात एक वेळ दूध मिळणार नाही, क्वार्टरची रिकामी बाटली मिळणारच. मी त्या उकळून घेतल्या, लेबलं खरवडली, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रमिला सकाळ. प्रमिला अकरा. प्रमिला संध्याकाळ. तानूबाईपण निघाली. तानू सकाळ. तानू अकरा. लॅबवाल्याने नाही म्हटलं तर तिथेच करून दाखवायला नळ्या, निळं औषध आणि चिमटाही पिशवीत टाकला. वर्तमानपत्रात बाटल्या गुंडाळल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि आम्ही दोघी वापीच्या बसमध्ये बसलो.

सिल्वासात राहून इतकी वर्षं झालेली बाई, क्वार्टरच्या बाटल्यांची पिशवी घेऊन दारूबंदीची सीमा ओलांडायला निघाली आणि तिच्या काही डोक्यात आलं नाही. कारण माझ्या लेखी ती लघवी होती. आतलं काय हे माहीत असलेल्या माणसाला बाटली दिसत नाही.

चौकीवर बस थांबली. पिशवी खणखणली. रतिलालभाई जमादार, पोट पुढे, मिशा रंगवलेल्या, आत चढले.

"बेन, थैली मां शुं छे?"

"लघवी."

"शुं?"

"लघवी. माझी. आणि हिची."

जमादारांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान पसरलं. आजवर त्यांनी खोकल्याचं औषध ऐकलं होतं, गंगाजल ऐकलं होतं, एकाने तर रमच्या बाटलीला वडिलांच्या श्राद्धाचं तीर्थ म्हटलं होतं. हे नवीन होतं. आम्हाला उतरवलं. आमच्या मागे बस उतरली, कारण बस चुकली तरी चालेल पण हे चुकायला नको, असं प्रत्येकाचं मत पडलं.

टेबलावर बाटल्या मांडल्या. जमादारांनी चिठ्ठी वाचली. "प्रमिला सकाळ. आ कई ब्रान्ड? नवी निकळी?"

"प्रमिला मी."

"पोताना नाम नी ब्रान्ड," ते शिपायाला म्हणाले. "जो, हिंमत जो." शिपायाने बूच काढून वास घेतला आणि जाणकार तोंड करून सांगितलं, "साहेब, बियर छे. गरम थई गई."

"चाखून बघा," मी म्हटलं.

तानूबाईने माझा पदर ओढला. मी सोडवून घेतला. संताप झाला की मला पदर बिदर कळत नाही. "चाखा ना. जुने वैद्य असंच बघायचे. गोड लागली तर मला सांगा, म्हणजे मला वापीपर्यंत जायला नको."

शिपायाचं बोट बाटलीच्या तोंडापर्यंत गेलं होतं, ते तिथेच थांबलं. बसमधल्या लोकांनी मतं द्यायला सुरुवात केली. एक म्हणाला पेटवून बघा, दारू असेल तर जळेल. दुसरा म्हणाला बाई घरंदाज दिसते. तिसरा म्हणाला घरंदाजच जास्त नेतात. कंडक्टर म्हणाला, जे काय असेल ते तिकीट काढून नेतायत, बसची जबाबदारी नाही.

तेवढ्यात मुंग्या आल्या. "प्रमिला सकाळ"चं बूच काढताना टेबलावर थोडं सांडलं होतं, तिथे टेबलाच्या फटीतून ओळ निघाली. "प्रमिला अकरा"शेजारीही सांडलं होतं. तिकडे एकही मुंगी फिरकली नाही. जमादार खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. विचार करताना त्यांच्या मिशा हलत.

"बेन, आ कीडी बियर पर नथी आवती," ते हळूच म्हणाले.

"मुंगी साखरेवर येते. मला मधुमेह आहे. थांबा, दाखवते."

चौकीच्या चहाच्या स्टोव्हवर मी नळी धरली आणि डॉक्टरांच्या डबल गोळीची हकीकत सांगत राहिले. तोंड भिंतीकडे. सकाळचीचा रंग चढत चढत विटेवर गेला आणि बसमधल्या लोकांतून एक दबका हुंकार निघाला. अकराची उकळून उकळून निळीच राहिली. तानूबाईची सकाळ पिवळी, अकरा हिरवी. तिने दोन्ही नळ्या उजेडात धरून बघितल्या, आयुष्यात पहिल्यांदा तिचं काहीतरी तिच्याच हातात होतं. "हाई मनी शे?" तिने विचारलं. "हाई मी शे?"

जमादारांनी माझ्या दोन नळ्या शेजारी शेजारी धरल्या. "सकाळी एटली साखर. अगियार वागे कशुं नहीं. तो पछी गोळी केम आपे छे डबल?"

"हेच," मी म्हटलं. "हेच मी बाकावरून सांगतेय."

मग रतिलालभाईंनी माणसांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः मागच्या बाजूला गेले. परत आले तेव्हा हातात चहाचा ग्लास होता आणि त्यात चहा नव्हता. मी उकळलं. नारिंगी. ते स्टुलावर बसले. वाकून जोड्याची नाडी सैल केली. मग म्हणाले, "रोज रात्रे पगनी आंगळी सुन्न थाय छे. हुं समजतो हतो, जोडा टाईट छे."

मी त्यांना सांगितलं, आधी कुणातरी चांगल्या डॉक्टरला भेटा, आणि खुर्चीवर तुम्हीच बसा.

त्यांनी आम्हाला सोडलं, पण पकडलं होतं त्याचा पंचनामा करणं भाग होतं. चहावाला आणि कंडक्टर पंच झाले. आत शुद्ध गुजरातीत लिहिलं की बाटल्यांतील द्रव मद्य नसून मूत्र असल्याचं पंचांसमक्ष उकळून सिद्ध झालं, सकाळचं विटेच्या रंगाचं, अकराचं निळं. सही, शिक्का. ह्या सगळ्यात बस गेली, लॅब बंद झाली आणि बाटल्या मुद्देमाल म्हणून चौकीतच राहिल्या.

तो पंचनामा डॉक्टरांनी दोन बोटांत धरला आणि खूप हसले. इतके, की ह्यांनाही खुर्चीत बसून थोडं हसावं लागलं. "श्रीकांतराव," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "ह्यांना सांगा, पोलिसांच्या रिपोर्टवर औषध देता येत नाही. तिसरी गोळी उद्यापासून." आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली.

ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या बाकावर जाऊन बसले. एकटी. हे कामावर होते. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा घेतल्या होत्या, तिन्ही. नाश्ताही त्यांनी सांगितला तोच, एक पोळी, मेथी. डॉक्टरांनी विचारलं, "श्रीकांतराव कुठेत?"

"नाहीत. मी आहे."

"मग काय काम?"

"काही नाही. अकरा वाजायची वाट बघतेय."

ते दुसरे रुग्ण बघू लागले. मी बसून राहिले. मला भीती वाटत होती, हे लिहायला मला लाज नाही. पिशवीत मी नळी, निळं औषध आणि गुळाचा खडा ठेवला होता, आणि तानूबाईला बाहेर दारात बसवलं होतं, मी आडवी झाले तर गूळ तोंडात घाल म्हणून. अकराला अजून अवकाश असतानाच घाम फुटला. मग हात. मी उठले, बाथरूममध्ये जाऊन आले, कंपाउंडरच्या दिव्यावर नळी धरली. हात इतका हलत होता की कंपाउंडरने माझं मनगट धरलं. निळी.

मी ती नळी डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली, आणि खुर्चीत बसले. खुर्ची ओढून बसले की तिच्यात कोसळले, ते मला आठवत नाही.

"ही तुमची गोळी," मी म्हटलं. जीभ जड झाली होती. "ही तुमच्या दिव्यावर उकळली. आणि हा माझा हात."

डॉक्टरांनी हात धरला. ओला, गार. माझे डोळे बघितले, नाडी बघितली, आणि मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना अजून मानते. त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच्या चहात साखरदाणीतली साखर रिकामी केली, ढवळली आणि कप माझ्या तोंडाला लावला. तानूबाई गूळ घेऊन धावत आत आली आणि तिने तोही कोंबला. थोड्या वेळाने खोली पुन्हा जागेवर आली.

डॉक्टरांनी निळी नळी उजेडात धरून बघितली. मग त्यांनी तिसऱ्या गोळीची चिठ्ठी मागितली, फाडली आणि नवीन लिहिली. सकाळी अर्धी, रात्री अर्धी. जपून, आठवडाभर रोज बघायचं, मग पुढे ठरवू.

"कुणी बघायचं?" मी विचारलं.

"तुम्ही," ते म्हणाले. आणि सवय सुटत नाही माणसाची, चिठ्ठी पुढे करताना तानूबाईला म्हणाले, "ह्यांना सांगा, वेळेवर जेवायचं."

तानूबाई म्हणाली, "ती बसेल शे ना समोर. तूच सांग."

अकरा वाजायचे माझे बंद झाले. नंतर रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर बायका जमू लागल्या. कुणी राखोलीहून यायच्या, कुणी आमलीहून. प्रत्येकीची बाटली क्वार्टरची, प्रत्येकीची चिठ्ठी आपल्या नावाची. रतिलालभाई सुटीच्या दिवशी साध्या कपड्यांत येत आणि बायकांकडे पाठ करून उकळत. विजयाताईही आल्या, साधी साडी नेसून. सेक्रेटरींनी गच्चीचं भाडं मागितलं, मी त्यांच्या बायकोची नळी दाखवली, भाडं माफ झालं. खरवंडीकरांनी पुढच्या शिबिरात मला व्यासपीठावर बोलावलं, रुग्णांचं सहकार्य ह्या विषयावर आभार मानायला. मी आभार मानले नाहीत. नळी धरून दाखवली. जिलेबी त्या वेळी नव्हती, फुटाणे होते.

आणि मग एका संध्याकाळी दार वाजलं. दारात डॉक्टर खरवंडीकर आणि त्यांच्या पत्नी, कीर्तीवहिनी. डॉक्टरांच्या हातात रुमालात गुंडाळलेली बाटली. रुमाल सोडला तर विलायती स्कॉचची, लेबलसकट. माणसाची पायरी बाटलीवरून कळते.

"कंपाउंडरकडे द्यायचं म्हणजे उद्या गावभर," डॉक्टर म्हणाले. "म्हटलं, तुमच्याकडे बघावं."

माझ्या स्वयंपाकघरात एक खुर्ची आहे. ती मी कीर्तीवहिनींना दिली. डॉक्टरांना भिंतीकडचा पाट दिला. ते बसले, गुडघे छातीशी घेऊन. मी चिमणी पेटवली. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी, आणि तिथे काही ते थांबलं नाही.

मी नळी बाजूला ठेवली आणि खुर्चीकडे वळले.

"वहिनी, ह्यांना सांगा, भात बंद."

कीर्तीवहिनी गुणी बाई. त्यांनी मान वळवली. "भात बंद," पाटाकडे बघून म्हणाल्या.

"बटाटा बंद. शिबिरातली जिलेबी बंद. सांगा ह्यांना."

"बटाटा बंद, जिलेबी..."

"अहो प्रमिलाबाई," डॉक्टर पाटावरून म्हणाले.  "मी इथेच बसलोय. मला सांगा ना."

मी त्यांच्याकडे बघितलं. कुठलाही घाबरलेला माणूस सारखाच दिसतो, बाकावरचा असो की पाटावरचा. मी वहिनींना उठवलं, खुर्ची चिमणीजवळ ओढली आणि चिमटा डॉक्टरांपुढे धरला.

"या, इथे बसा. आता ही दुसरी नळी तुम्ही धरा. आणि तोंड भिंतीकडे करा, डॉक्टर. साडी वहिनींची आहे."